दवण्याची विडी

“गप. आइकू द्या.”

मनगटावर तीन बोटं ठेवली की हवालदार एवढंच म्हणायचे. समोरचा माणूस पोट कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, हे सगळं घोकून आलेला असायचा. हवालदारांना त्यातलं काही नको असे. आधी डावा हात, मग उजवा. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. भिंतीपलीकडे कोणी हळू बोलत असलं की आपण कान लावून बसतो ना, तसे ते बसायचे. मी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा मला हसू आलं होतं. जरा वेळाने ते थांबलं. आपल्या आत कोणीतरी बोलतंय आणि हा माणूस ते परस्पर ऐकतोय, ही भावना काही बरी नसते.

मी तेव्हा कर्जत तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. नगर शहरात वाढलेला, ट्रेनिंग केलेला, त्यामुळे अंगारे-धुपारे म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आणि खोली मिळाली ती नेमकी हवालदारांच्या भिंतीला भिंत लागून. ते एकटेच राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. मूळचे शेवगावकडचे, पलटणीतून सुटल्यावर इकडे का येऊन राहिले, ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची टाप नव्हती.

दुसऱ्या लढाईत ते मलायात होते. जपान्यांच्या कैदेतून निसटले आणि एका म्हाताऱ्या चिनी वैद्याने त्यांना आपल्या दुकानामागे लपवलं. लढाई संपेपर्यंत तिथेच मुळ्या कुटल्या, पाला वाळवला आणि म्हाताऱ्याचं बघून बघून नाडी शिकले. पाटील त्यांना डिवचायचे, “अहो, चिन्यांनी आपल्यावर चाल केली आन् तुमी त्येंचं औशद देता व्हय?” हवालदार शांतपणे म्हणायचे, “त्या म्हाताऱ्यानं न्हाई केली.”

त्यांचं शास्त्र साधं होतं. निदान ते सांगायचे साध्या शब्दांत. पोट म्हणजे चूल. “जेवल्यावर गार पानी वतता, आन् वर म्हनता आन्न शिजत न्हाई.” वारं शिरतं ते मानेतून, म्हणून भर उन्हाळ्यातसुद्धा मानेला उपरणं. अंगात रक्ताच्या आधी फिरतो तो दम. म्हाताऱ्याच्या भाषेत त्याला ‘ची’ म्हणत. दम जिथे अडतो तिथे दुखतं, आणि अडलेला दम जोर लावून सुटत नाही. “जोर लावला की त्यो पळतो. गप उभं ऱ्हावा, आपसूक यतो.”

ते खरंच गप उभे राहायचे. पहाटे फटफटलं की मागच्या पडीक रानात जायचे, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात छातीसमोर गोल धरून उभे. मोठ्या झाडाला मिठी मारावी तसे. पण झाड कुठे होतं? मी तोंडात राखुंडी घालून बघत राहायचो. सूर्य वर यायचा, गुरं रानात जायची, हे हलायचे नाहीत. एकदा न राहवून विचारलं, “हवालदार, धरता तरी कोणाला?” ते म्हणाले, “श्वास टाचंपातुर न्यायचा, मास्तर. मंग कळतं, धरल्यालं कोन हाय ते.”

गाव त्यांच्याकडे औषधाला यायचं आणि त्यांना भ्यायचंही. त्याला कारण घडलं होतं. कोपऱ्यावरचा शिंपी साध्या खोकल्यासाठी आला. हवालदारांनी नाडी बघितली, त्याचा हात त्याच्या मांडीवर अलगद ठेवला आणि म्हणाले, “लेक कुटं दिलीय? भेटून या तिला.” बिचारा गेला लेकीकडे, आणि तिथेच गेला. तेव्हापासून हवालदार रस्त्याने निघाले की माणसं सदऱ्याच्या बाह्या खाली ओढायची. बायका पदरात हात लपवायच्या. हवालदारांना हे दिसायचं. ते मान खाली घालून चालायचे. मला त्यांची फार दया यायची.

मग तो मोठा दुष्काळ आला. गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. एका संध्याकाळी हवालदार ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, एक इचित्र हाय. उनाळ्यात नाडी तारंवानी ताठ आसती. पावसुळा लागला की भरून यती. हितं श्रावन आला तरी कुनाचीच भरली न्हाई. सगळं गाव आजून चैतातच हाय.” मी म्हटलं, पाऊसच नाही तर नाडी कशी भरेल. ते म्हणाले, “पाऊस नसला तरी भरती. आंगाला ठावं आसतं.” दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाटलांच्या बैलाच्या जबड्याखाली बोटं ठेवून उभे राहिलेले पाहिलं. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. बैलाचंही तेच होतं.

ही गोष्ट गावात फुटली आणि हात लपवणारी माणसं हात पुढे करून दारात रांग लावू लागली. पोट, खोकला काही नाही. नाडी भरली का, एवढंच बघा. “म्या काय पंचांग हाय का?” हवालदार चिडायचे. तरी प्रत्येकाचा हात धरायचे.

त्याच सुमारास माझ्या बायकोला आठवा लागला होता. आमचं पहिलं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे आम्ही दोघंही जीव मुठीत धरून होतो. सुईण गजराबाई आली, पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. “डोस्कं वर हाय, मास्तर. पायाळू हाय.” कर्जतच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, नगरला न्यावं लागेल, बाळ-बाळंतीण दोघांनाही धोका आहे म्हणाले.

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं मूल. उसण भरली की अशा माणसाची लाथ खायला जाणारे तुम्हीही पाहिले असतील. त्याला जमिनीखालचं दिसतं असं लोक मानतात. पाणी दिसतं, पुरलेलं धन दिसतं. आणि इथे गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता.

पाटील दोघाचौघांना घेऊन आमच्याकडे आले. इतक्या अदबीने कधी बोलले नव्हते. माझ्या बायकोसाठी नारळ आणला होता. “मास्तरीनबाईंना जपा. देवानं गावाकडं बगितलंय. पोरगं जरा चालाया लागलं की कमरंला दोरी बांदून हिरीत सोडायचं. आमच्या आज्याच्या वक्ताला तसंच पानी घावलं. दुस्काळ काय येकदाच येतो का?” मी संतापलो. काय वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे ऐकून गेले आणि नारळ तिथेच राहिला. त्या दिवसापासून पाण्याला निघालेल्या बायका वाट वाकडी करून आमच्या दारात येत, पदर पसरत आणि हिच्या पोटाला हात लावून पुढे जात. ही घाबरून दार लावून बसायची. म्हणायची, “अहो, जन्मायच्या आधीच हे माझं राहिलं नाही.”

हवालदारांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असणार. सकाळी ते पत्र्याचा डबा घेऊन आले. आत मळून मळून कापसासारखा मऊ केलेला वाळका दवणा होता. त्यांनी तो वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट वळला. अंगठ्याएवढी जाड विडी झाली. मी म्हटलं, “ही ओढायची कोणी?” “पायाच्या करंगळीनं,” ते म्हणाले. मलायात याच जातीचा पाला वापरायचे; इथे देवाला वाहतात तो दवणा त्यांनी त्याच्या जागी धरला होता. करंगळीच्या नखाशी जी जागा असते, तिला ऊब दिली की गर्भाशयातला अडलेला दम सुटतो आणि मूल आपलं आपण फिरतं, असं म्हाताऱ्याने शिकवलं होतं. डाग द्यायचा नाही, कातडीला टेकवायचं नाही. नुसती ऊब.

मी नगरच्या दवाखान्यात नाव घालून ठेवलं होतं. तरी नको म्हणालो नाही. हीच म्हणाली, “करू द्या.”

मग रोज दिवस कलला की ती खाटेवर पडायची आणि हवालदार तिच्या पायांशी बसून दोन्ही करंगळ्यांजवळ ती धुमसती विडी धरायचे. खोलीभर दवण्याचा वास. चैत्रातल्या जत्रेचा वास, आणि बाहेर सगळी सुकलेली जमीन. असंच एकदा हात न हलवता ते बोलू लागले.

“म्या पायाळू हाय, पोरी.”

ती उठून बसायला गेली, त्यांनी नको म्हणून खूण केली. “आमच्या गावात लहानपनी मला सोडायचे. कमरंला दोरी. खाली गेलं की वरनं वरडायचे, काय दिसतंय रं? काय दिसनार? आंदार. पन मास्तर, त्यो आंदार माज्याकडं बगायचा. म्या रडलो की म्हनायचे, दिसलं ह्याला कायतरी, आजून सोडा. मोठा झालो तसा पलटनीत पळालो. परत गावाकडं गेलो न्हाई. हितं बी कुनाला सांगितलं न्हाई. ह्या पोराच्या कमरंला म्या दोरी लागू द्यायचो न्हाई.” हिने त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. मग विडीची राख झटकून त्यांनी ती पुन्हा करंगळीशी धरली.

पुढे एका संध्याकाळी विडी संपत आली असताना ही एकदम ओठ चावून खाटेची बाजू धरून बसली. मी पाहिलं. पातळाखाली पोट एका बाजूने उचललं गेलं, सावकाश सरकलं आणि दुसरीकडे बसलं. आतून कोणीतरी कूस बदलली. माझ्या अंगावर काटा आला, तो आज लिहितानाही येतोय. गजराबाईने सकाळी चाचपलं आणि म्हणाली, “फिरलं.” मग हवालदारांकडे बघून दोन पावलं मागे सरकली.

बातमी लपणार थोडीच. पाटील आले, या वेळी माणसं जास्त होती. “हवालदार, गावाच्या तोंडचं पानी काढून घेतलं तुमी.” कोणीतरी म्हणालं, मास्तरीणबाईंना चार दिवस आमच्याकडे ठेवा, पुन्हा फिरवता येतं. मी दार अडवून उभा राहिलो. तेवढ्यात हवालदार त्यांच्या दारातून बाहेर आले. मानेचं उपरणं काढून त्यांनी खुंटीला अडकवलेलं होतं.

“पायाळूच पायजे ना? म्या हाय. चला.”

भर दुपारी, गाव भोवती उभं असताना, त्या म्हाताऱ्या माणसाला कमरेला दोरी बांधून विहिरीत सोडलं. मी पाठीमागून दोरीला हात लावून होतो. दोरी जात राहिली. मग सैल पडली. पाटलांनी वाकून विचारलं, “काय दिसतंय?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. विहिरीत एरवी साधा आवाजही घुमतो, पण त्यांचा स्वतःचा आवाज परत आला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग दोरीला हिसका बसला आणि आम्ही ओढलं.

वर आल्यावर हवालदारांचे ओठ निळे होते. त्या उन्हात त्यांचं अंग गार पडलं होतं. तरी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “काय बी दिसत न्हाई. पायाळू मानसाला तुमच्यापरीस जास्ती काय बी दिसत न्हाई. पुन्यांदा कुनाच्या पोराला दोरी बांदू नगा.” पाटलांनी मान खाली घातली. गर्दी पांगली. त्या गावात पुढे कोणी तसं केल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्यांना घरी आणून गूळपाणी दिलं, गरम. त्यांचे दात पेल्यावर वाजत होते. म्हणाले, “मास्तर, म्या खोटं बोललो. दिसलं.”

“पाणी?”

“न्हाई. पोरगं. तळाला बसलंय. कमरंला दोरी हाय. आजून कुनी वर घेतलंच न्हाई त्याला.”

मी म्हटलं, “हवालदार, तुमची विहीर शेवगावकडे. ही वेगळी.”

“हिर येगळी. आंदार त्योच.”

आमची मुलगी नगरच्या दवाखान्यात डोक्याकडून, सुखरूप झाली. घरी आणल्यावर हवालदार बघायला आले. एवढ्या लहान मुलाची नाडी धरत नाहीत म्हणाले. तिच्या तर्जनीच्या आतली शीर उजेडाकडे करून पाहिली आणि बराच वेळ हसत राहिले. “लई चांगली हाय. हिला कुटं बी सोडू नगा.” मग ते उठले, आणि सकाळच्या एसटीने शेवगावला गेले. जाताना माझ्या बायकोला म्हणाले, त्याला वर घ्याया पायजे.

पंधरवडा झाला तरी ते आले नाहीत, तेव्हा मी त्यांचं गाव शोधत गेलो. गावाबाहेर जुनी कोरडी विहीर होती. काठावर नवी दोरी पडली होती, पूर्ण वर ओढलेली. तिच्या टोकाला गाठ मारून एक फेरा केलेला होता. माझ्या दोन्ही हातांच्या बोटांत मावेल एवढा तो फेरा, मोठ्या माणसाच्या कमरेला बसणारच नाही. गाठ सैल केलेली होती. गावकऱ्यांनी आत उतरून पाहिलं होतं. आत कोणी नव्हतं.

जवळ एक म्हातारी शेरडं चारत होती. तिला विचारलं, असे असे एक हवालदार इकडे आले होते, पाहिलेत का?

“व्हय की,” ती म्हणाली, “गेले ह्या वाटंनं. नातू हुता ना संगं. लई दमल्यालं पोरगं. खांद्यावर निजलं हुतं त्यांच्या.”