धडकेने तुटले, असे मी म्हणालो

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सवय तुम्हाला अजून लागलेली नाही. आमच्या गावाला ती आहे, आणि तिचा मला संताप येतो.

राजूरच्या रस्त्यावर माझे गॅरेज होते. आमच्या धंद्यात एक रीत आहे — काढलेला मोडका भाग मिस्त्री मालकाच्या हातात ठेवतो. मालक तो उलटसुलट करून बघतो, त्याला त्यातले काही कळत नाही, आणि तो समाधानाने घरी जातो. किती स्वस्त समाधान! मी ते वर्षानुवर्षे वाटले.

दिगंबरराव पाटलांची एक जुनी जीप होती. चालवायचा मुनीर. स्टेअरिंगमधून खडखड येते, ही तक्रार त्यानेच आणली होती. मालकाला तोवर तिचा पत्ताही नव्हता. जीपमध्ये स्टेअरिंगची पेटी चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने आवळलेली असते. त्यातला एक गंजलेला बोल्ट सोडवताना त्याचे डोके पान्यातच निघून आले. उरलेला बोल्ट आत अडकला. तो ड्रिलने पोखरून काढायचा, आटे साफ करायचे, नवा बसवायचा — उताणे पडून करायचे, अर्ध्या दिवसाचे काम. दिगंबरराव डोक्यावर उभे होते.

“मिस्त्री, उद्या अंगारकी हाय. सकाळपासून राजूरच्या गणपतीला फेऱ्या हायेत. जल्दी करा.”

घाई त्यांची होती म्हणून झाले, असे मी म्हणणार नाही. घाई करणाऱ्यांना मी दारातून परत पाठवलेले आहे. त्यांना का नाही पाठवले? आळस. दुसरे नाव त्याला नाही.

पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी घेऊन मी ते तुटके डोके जागच्या जागी चिकटवले. वरून काळा रंग मारला. मग भंगाराच्या डब्यातून दुसऱ्याच कुठल्या बोल्टचा तुकडा काढला आणि रीतीप्रमाणे दिगंबररावांच्या हातात ठेवला. ते खूश झाले. मुनीरही खूश झाला — हे विसरता येत नाही.

जीप चालत राहिली. एका बोल्टचा भार बाकीच्यांनी वाहिला, आणि एकेक करून तेही गेले. पावसाळा सरल्यावर, पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला, एका वळणावर जीप सरळ शेतात उतरली आणि बांधाला धडकली. दिगंबररावांच्या बहिणीचा हात मोडला. मला बोलावणे आले. मी पोहोचलो तेव्हा मुनीर बांधावर बसला होता. कपाळातून रक्त येत होते, आणि तो एकच सांगत होता.

“मी झोपलो न्हाई. स्टेअरिंग नुसतं हातात फिरून राह्यलं व्हतं. इचारा मिस्त्रीला.”

“दुपारचं जेवण अंगावर आलं आसंल नवाबाच्या,” कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

मी खाली शिरलो. पेटी लोंबकळत होती. नवी तूट चकाकते, जुनी तूट गंजाने काळी पडते. आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे कळते. माझ्यासमोरच्या तुटी काळ्या होत्या. आणि एकीवर माझी लांबी होती.

मी बाहेर आलो. हात पुसले.

“धडकेनं तुटलंय. आधी बराबर व्हतं.”

झाले. एकानेही वाकून पाहिले नाही! ट्रॅक्टर बाळगणारे होते तिथे, जन्म लोखंडात गेलेले होते — कोणाला एक प्रश्न सुचू नये? “मिस्त्री बोलले म्हंजे संपलं,” एवढेच. त्या माणसांवर मी आजही चिडतो. पण त्यांचा विश्वास वापरला कोणी?

मुनीरच्या हातात पुन्हा कोणी गाडी दिली नाही. तो धान्याच्या मोंढ्यात पोती उचलू लागला. पुढे कुठल्याही अपघाताचा निवाडा माझ्याच तोंडून होऊ लागला, कार्यक्रमात मला पुढची खुर्ची मिळू लागली. मी बसत गेलो.

आता दिगंबरराव नाहीत. गॅरेज मी बंद केले आहे. मला भिण्यासारखे काही उरलेले नाही, हे लक्षात घ्या. मागच्या ईदला मुनीर नेहमीप्रमाणे शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला. पाठीत वाकला आहे. ओसरीवर बसला, आणि शांतपणे म्हणाला,

“मिस्त्री, लई वर्सं मी सगळ्यांशी भांडलो. आता वाटतं, लागलाच आसंल माझा डोळा. तुम्ही कशाला खोटं बोलताल?”

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. वेळ पुरेसा होता.

“आसंल,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली — फार दिवस रेंगाळलेले एखादे काम उरकावे तशी.