कपाखालचा ठिपका

दीड महिन्यापूर्वी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी अर्धी दाढी करून उभा. पलीकडून एक बाई म्हणाली, "दादा, ताई गेली." फोनला साबण लागतोय या चिंतेत मी म्हणालो, "बरं, आली की मला फोन करायला सांगा." ती म्हणाली, "आता नाई येत दादा, ताई."

आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी चुकीचं बोललोय, पण एवढं थेट कधी नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून देवळीची बस धरली. शेजारचा माणूस सारखा माझ्या गालाकडे बघत होता.

शकूताई माझी आतेबहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, बिनलग्नाची. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि देवळीत एका खोलीत राहायची. नातेवाईक तिला लग्नपत्रिका पोस्टानं पाठवायचे, तेही अशा बेतानं की कार्य आटोपल्यावर पोचावी. कारण तिचं काम. बारा वर्षांपूर्वी जिल्ह्यात एक पाहणी निघाली होती, शरीरविक्री करणाऱ्या बायकांमध्ये हर्पिस हा गुप्तरोग किती पसरलाय याची. वस्तीत जाऊन रक्त घ्यायला कोणी तयार होईना. ही गेली. बायका सुई बघून पळायच्या, तर ही आधी स्वतःच्या दंडाला रबरी पट्टा बांधून दाखवायची आणि म्हणायची, "पाहा, मले दुखलं काय?" कागदावर फक्त नंबर लिहायचे होते, पण तिला सगळ्यांची नावं पाठ. पाहणी संपली तरी तिचं वस्तीत जाणं संपलं नाही.

दर रविवारी ती वर्ध्याला आमच्याकडे यायची. मी लोकांना अभिमानानं सांगायचो, आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. आणि एका रविवारी, ती यायच्या आधी, बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन मी एका कपाच्या बुडाला बारीक ठिपका लावला. घरात तान्ही मुलगी होती, असं स्वतःला समजावलं. तेव्हापासून चहाचा ट्रे आला की मी पुढे व्हायचो, बूड चाचपून ठिपक्याचा कप तिच्यापुढे ठेवायचो. ती म्हणायची, "दिन्या, तू मोठा पाहुणचार करतं रे माह्या!" मी हसायचो. तिला कळलं होतं का? ... गेला दीड महिना मी एवढंच विचारतोय, आणि जिला विचारायचं तीच नाही.

ठिपका लावला त्याच वर्षी पावसाळ्यात मला ताप येऊन गेला आणि ओठावर फोड उठले. आमच्याकडे त्याला जर, म्हणजे ज्वर, मुतला म्हणतात. मी पोरीला कडेवर घेऊन मुका घ्यायला वाकलो, तोच ताई ओरडली, "थांब! लेकराले तोंड लावू नको."

"काऊन? जरच तर मुतला, साधा."

"साधा कायचा? मी त्या बायकांच्या रक्तात जे शोधून राह्यली ना, त्याचाच चुलतभाऊ बसला हाय तुह्या ओठावर. एकदा घरात शिरला की जातच नाई. झोपून राह्यते आत. माणूस थकला, एकटा पडला, की उठते." मग जरा थांबून म्हणाली, "पुष्कळ जणींच्या रक्तात निघाला रे. बहुतेकींना पत्ताच नव्हता. मी सांगाले गेली तर एकीनं एकच विचारलं, ताई, पोराचा मुका घेऊ का नको? म्हटलं, घे माय, तुहा मुक्यानं नाई लागत, पोटभर घे. तिले घे म्हणून सांगतलं, अन् तुले नको म्हणून राह्यली मी. पाह्य, दुनिया कशी हाय!"

मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. आतून तिचं आणि संध्याचं, म्हणजे माझ्या बायकोचं, हसणं ऐकू आलं.

फोन आला त्या दिवशी देवळीला पोचलो तेव्हा खोलीत वस्तीतल्या सहा-सात बायका होत्या. नातेवाइकांत मी एकटा. फोन करणारी रेखा त्यांच्यातलीच. ताई झोपेतच गेली, असं तिनं सांगितलं. सगळं आटोपून परत आल्यावर तिनं मला चहा दिला. म्हणाली, "आमच्याकडं आली की ताई पयले चहा मागे. तपासणी मंग. लोक आमच्याकडं पाणी नाई पेत, दादा... तुम्ही घ्या ना." मी घेतला. कप रिकामा झाल्यावर सवयीनं हात बुडाकडे गेला. खाली काहीच नव्हतं. मग कोपऱ्यातल्या रबरी पट्ट्याकडे बघत बसलो.

आता रविवारी दुपारी घर फार मोठं वाटतं. परवाच्या रविवारी मी तो कप काढला आणि ब्लेडनं ठिपका खरवडायला बसलो. संध्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल. मीच सगळं सांगून टाकलं, बारा वर्षांचं, एका दमात.

ती म्हणाली, "तो तुमचा कप आहे."

मी दुसरा काढला. त्यालाही ठिपका. तिसऱ्यालाही. सहाच्या सहा.

"तुमचा जर मुतला होता ना, त्या दिवशी ताईंनी आत येऊन नेलपॉलिश मागितलं. साऱ्याच कपांना लावलं. मला म्हणाल्या, त्यानं विचारलं तर सांगजो, नाहीतर राहू देजो." संध्यानं माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. "तुम्ही कधी विचारलंच नाही."