नववीच्या वर्गातली बिनविरोध निवडणूक

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. आठवडाभर नववीला प्राचीन रोम शिकवत होतो. तिथं लोक मतं देऊन दोन प्रमुख निवडायचे, तेही वर्षापुरते. एकानं मनमानी केली तर दुसऱ्यानं अडवावं, म्हणून दोन. त्याच जोशात आज वर्गप्रमुखाची निवडणूक ठेवली. पुठ्ठ्याची मतपेटीही मीच घरून बनवून नेली.

वर्गात शिरलो तर टाळ्या. "सर, मधल्या सुट्टीत मिटवलं. बिनविरोध!"

उमेदवार दोनच होते. त्यातल्या स्नेहलला सगळ्यांनी मिळून माघार घ्यायला लावली होती.

मी भडकलो. "मग रोम कशाला शिकलात रे?"

मागून एक जण म्हणाला, "सर, तितं बी बिनविरोध केलं असतं तर सीझरचा खून झाला नसता."

वर्ग खो-खो हसला. स्नेहल हसली नाही. शांतपणे म्हणाली, "सर, सोसायटीच्या इलेक्शनला आमच्या आबांना अर्ज माघारी घ्या म्हणायला तुमीच आला हुता की. गावात एकी ऱ्हावी म्हणून."

मतपेटी रिकामीच परत आणली. समोर टेबलावर आहे.

तुम्हीच सांगा, उद्या त्या पोरीसमोर कोणत्या तोंडानं लोकशाही शिकवू?