ताट राहिलं का?

अक्का आधी तुमच्या ताटात बघायच्या, मग तोंडाकडे. नाव-गाव त्याच्यानंतर. सोनगीरला चित्रीकरणाच्या पहिल्या दुपारी आम्ही मांडवात जेवायला बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी पटकथाकार असल्याचं सांगेपर्यंत त्यांनी माझ्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवलाही होता.

"ताट कोरडं शे तुनं," त्या अहिराणीत म्हणाल्या आणि स्वतःच्या जेवणाला लागल्या.

आम्ही करत होतो तो चित्रपट एका जुन्या नाटकावरचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण आमच्या खानदेशात ते घेतलं की अजूनही चहा गार होईपर्यंत वाद चालतो. गोष्ट साधी. जन्मभर अर्धपोटी राहिलेली एक बाई. तिचा मारकुटा नवरा मरतो. ओसरीवर रडारड चालू असताना ती स्वयंपाकघरात येते, "मला भूक लागलीय" म्हणते आणि दुरडीतली भाकरी घेऊन जेवायला बसते. सासू ताट उडवते. बाई पडलेली भाकरी उचलते, झटकते आणि पुन्हा खायला लागते. पडदा. एवढ्यावरून त्या काळी खुर्च्या मोडल्या, प्रयोग बंद पडले.

ती बाई तरुणपणी अक्कांनी केली होती, जळगावच्या हौशी मंडळीत. दिवसा पिंप्राळ्यात शिवणकाम, संध्याकाळी तालीम. पाचोऱ्याच्या प्रयोगाला प्रेक्षकांतून दगड आले. त्यातला एक थेट ताटात पडला. अक्कांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि पुढचा घास घेतला. मी विचारलं, भीती नाही वाटली?

"जेवणात खडा लागला म्हणून ताटावरून उठतात का?" असं त्यांचं उत्तर होतं.

आता चित्रपटात त्यांना सासू करायची होती. कॅमेऱ्यापुढे त्या आयुष्यात प्रथमच उभ्या राहत होत्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आमची विकेट काढली. दिग्दर्शिका धुळ्याची, हुशार, जरा घाईची. तिने 'ॲक्शन' म्हटलं. अक्का ढिम्म. पुन्हा 'ॲक्शन'. अक्का तशाच. शेवटी त्यांनीच विचारलं, "तिसरी घंटा झाली का?" नाटकवाल्यांचे पाय तिसऱ्या घंटेशिवाय हलत नाहीत, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या घरात चित्रीकरण होतं त्या घरच्या देव्हाऱ्यातली घंटा मागून आणली. त्यानंतर अक्कांच्या प्रत्येक दृश्याआधी आमचा साउंडवाला, कपाळाला आठ्या घालून का होईना, ती वाजवायचा. शेवटी शेवटी तर घंटेशिवाय त्यालाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

विधवेचं काम करणारी मुलगी पुण्याची होती, गुणी होती. घास घ्यायची, 'कट' झालं की बादलीत थुंकायची. सिनेमात तसंच करतात. अक्कांनी ते पाहिलं मात्र, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अक्का, पुन्हा पुन्हा खावं लागतं, पोट बिघडेल ना," मुलगी म्हणाली.

"बिघडू दे. खोटं खावानं नही, पोरी. ती बाई जन्मभर उपाशी शे. ती घास थुंकी का?"

दुसऱ्या दिवशी मुलगी सकाळचा नाश्ता न करताच सेटवर आली. बादली कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. निर्मात्याला जेवण दाखवायचंच नव्हतं. बाई भूक लागल्याचं म्हणते, कॅमेरा खिडकीकडे वळतो, बाहेरचं रडणं ऐकू येतं, झालं. कोणाच्या भावना दुखायला नकोत. दिग्दर्शिकेचं मन दोन्हीकडे झुलत होतं. ती म्हणाली, दोन्ही चित्रित करू, नंतर ठरवू. अक्कांना हे 'नंतर ठरवू' अजिबात आवडलं नाही. ज्या जेवणासाठी दगड झेलले ते खिडकीआड जाणार म्हणजे काय?

जेवणाच्या दृश्याचा दिवस आला. घंटा वाजली. मुलगी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी खाऊ लागली, खरोखरच्या भुकेने. सासू दारात येते, ताटाशी वाकते, हात उगारते. अक्कांनी हात उगारला. तो तिथेच थांबला, मग हळूच खाली आला, आणि त्या हाताने त्यांनी कोपऱ्यातली ठेच्याची वाटी तिच्या ताटाशी सरकवली.

"कोरडी भाकर गयामा उतरस का?" त्या म्हणाल्या, म्हणजे कोरडी भाकरी गळ्याखाली उतरते का. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खात राहिली. 'कट' म्हणायचं सगळेच विसरले.

मी मात्र भडकलो. माझ्या पटकथेत हे नव्हतं, मूळ नाटकात तर नव्हतंच. "अक्का, तुम्ही नाटकाची धार घालवलीत," मी तणतणत म्हणालो. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"पाचोऱ्याले मनी सासू बायकांमा बसेल होती," त्या सांगू लागल्या. म्हणजे त्यांची खरी सासू! सुनेचं नाटक बघायला कोणाला न सांगता आलेली. दगडफेक झाली, प्रयोग उरकला, आणि अक्का घरी निघाल्या त्या आता सासू आपल्याला घराबाहेर काढणार अशा धास्तीतच. गल्ली दारात वाट बघत उभी. सासूने सगळ्यांदेखत ताट वाढलं, ठेच्याची वाटी पुढे सरकवली आणि एवढंच विचारलं, कोरडी भाकर गयामा उतरस का? नाटकातल्या ताटात तोंडीलावणं नव्हतं, हे त्या एकट्या बाईला दिसलं होतं. पुढे कोणाची काही बोलायची छाती झाली नाही.

"नाटक लिहिणाऱ्याले ती भेटली नही," अक्का म्हणाल्या. "भेटती, तर त्यानं लिहिलं असतं."

इतकं मोठं नाटक, इतके वाद, आणि ते लिहिणाऱ्याला जे सुचलं नव्हतं ते या बाईने इतकी वर्षं मनात जपून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मला अक्कांचा मोह पडला, असं म्हटलं तरी चालेल.

निर्मात्याने दृश्य पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आधी विधवा जेवत होती, आता सासू वाढते! दोन्ही कापा म्हणाला. संकलन लांबत गेलं. अक्का दर रविवारी सकाळी मला फोन करायच्या. नमस्कार नाही, प्रकृती नाही, एकच प्रश्न, "ताट राहिलं का?" मी म्हणायचो, बघू. त्या म्हणायच्या, "बघू नको. सांग." आणि फोन ठेवायच्या.

एका रविवारी फोन आला तो त्यांच्या सुनेचा. अक्का पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

अक्कांच्या पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांत आम्ही स्मशानातून परतलो. धुळ्याहून दिग्दर्शिका आली होती. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे कडू घास आणला होता, पिठलं-भाकरी. अशा वेळी घरची माणसं घास चिवडतात आणि ताट सारतात, तुम्हीही पाहिलं असेल. सून भिंतीला टेकून बसली होती. बँकेत काम करणारी, चार माणसांत आवाज न निघणारी बाई. हुंदका आवरून ती एकदम म्हणाली,

"मला भूक लागलीय."

नात्यातल्या एक काकू तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सुनेने ताट पुढे ओढलं, मोठा घास मोडला आणि रडत रडत खायला लागली. मग दिग्दर्शिका कोपऱ्यातून उठली, स्वयंपाकघरात गेली, फडताळ धुंडाळून ठेच्याची बरणी शोधली. ठेचा वाटीत काढून आणला आणि वाटी सुनेच्या ताटाशी सरकवली.

त्यानंतर तिने निर्मात्याला काय सांगितलं मला माहीत नाही. दृश्य पूर्ण लांबीचं राहिलं, वाटीसकट.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. मी चहाचा कप तसाच टाकून धावलो आणि उचलल्या उचलल्या म्हणालो, "राहिलं, अक्का, राहिलं!"

पलीकडे गॅस सिलिंडरवाला होता. तो म्हणाला, "साहेब, घरी कोणी आहे का?"