लाल ब्लँकेट

आमच्या आईला अख्खं हॉस्पिटल मावशी म्हणतं. डॉक्टरही आणि झाडूवालेही. बायकांच्या जुन्या हॉस्पिटलात ती तरुणपणी कामाला लागली, तेव्हा तिथं एक लांबलचक वॉर्ड, एक ऑपरेशनची खोली आणि मागे कपडे उकळायचा हंडा, एवढाच काय तो पसारा होता. अडलेल्या बाईला स्ट्रेचरवर घालून चढावरून ढकलत वर न्यायचं. अशा वेळी अंगावर लाल ब्लँकेट टाकायचं, आणि लाल दिसलं की सगळ्यांनी भिंतीला चिकटून वाट द्यायची. मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा बाजूला व्हायच्या. हे सांगताना आई अजूनही ताठ बसते.

रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल होतं. त्यांना मेडिकल कॉलेज काढायचं होतं आणि कॉलेजला बाळंतपणाचा विभाग लागतो, म्हणून त्यांनी आमचं गिळलं. कागदोपत्री त्याला विलीनीकरण म्हणतात. मग रस्त्यावरून पूल झाला, जुना वॉर्ड पाडून टोलेजंग इमारत उभी राहिली, पांढऱ्या कोटांतल्या पोरापोरींनी जिने भरून गेले. आणि ब्लँकेटचा घोळ सुरू झाला. पलीकडच्यांकडे लाल म्हणजे संसर्गाचा पेशंट! चार हात लांब राहायचं, लिफ्टमध्ये घ्यायचं नाही, मागच्या रॅम्पनं न्यायचं.

आता मला सांगा, एक रंग ठरवायला असा कितीसा वेळ लागतो? पण साहेब लोकांच्या मीटिंगा चालल्या होत्या त्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावर. आईनं विषय काढला की "बघू हं मावशी" म्हणून चहा पाजून परत पाठवायचे. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

आमच्या मातोश्रीही काही कमी नाहीत. मेट्रननं बजावलं, निर्णय होईपर्यंत लाल वापरू नका. आई म्हणाली, "मी नाही बदलणार. ते आमच्यात आलेत." ते आमच्यात! हत्ती मुंगीकडे पाहुणा आला म्हणे.

"आई, सोड ना हट्ट," मी एकदा वैतागून म्हणाले.

"तू गप्प बस. तुझ्या वेळी त्याच ब्लँकेटखाली नेलं होतं मला. सगळे बाजूला झाले म्हणून जगलीस."



बाबा रोज दुपारी तिचा डबा घेऊन जायचे. त्या दिवशी मीही बरोबर होते. पुलावरच बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलं आणि ते खाली बसले. माझी हाक ऐकून आई धावत स्ट्रेचर घेऊन आली, त्यांना वर घेतलं आणि सवयीनं लाल ब्लँकेट टाकलं.

लिफ्टमन पलीकडचा. त्यानं दारात हात आडवा घातला. "लाल आहे मावशी. मागनं न्या."

"अरे, लकवा मारलाय त्यांना! लाल म्हणजे घाईचं!"

"आमच्यात नाही."

मागचे लोक पदर, रुमाल नाकाला लावून खरोखरच बाजूला झाले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्लँकेट ओढून जमिनीवर फेकलं.

"आता ठीक," लिफ्टमन म्हणाला.

वर मेंदूच्या तपासणीच्या खोलीबाहेर ही गर्दी! ब्लँकेट काढल्यावर बाबा साधे पेशंट झाले होते, आणि साध्या पेशंटला रांग. "बसा, नंबर आला की बोलावू," खिडकीतली बाई मान वर न करता म्हणाली. आई हात जोडत होती. शेवटी माझ्या तोंडाचा पट्टा सुटला, तेव्हा कुठे एक तरुण डॉक्टर बाहेर आला. त्यानं तपासलं, धावाधाव केली, आणि नंतर मान खाली घालून म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं."

आधी! अहो, आम्ही इमारतीतच होतो!

बाबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मग मात्र मीटिंग झाली, चहा यायच्या आत संपली. तातडीच्या पेशंटला पिवळं ब्लँकेट, दोन्हीकडे. आई निमूटपणे पिवळं वापरते.

काल बाबांना थंडी वाजत होती. मी कपाट उघडून विचारलं, "आई, कुठलं काढू?"

"कुठलंही घाल गं," ती म्हणाली. "रंगाचं काय घेऊन बसलीस!"