भरतीच्या वेळी सोडलेली वही

त्या वहीबद्दल मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.

दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची वही. मध्ये मध्ये ग्राफपेपर चिकटवलेले. त्यात एक अख्खं राज्य होतं: सात किल्ले, एक शाप लागलेलं जंगल, एक नाव हरवलेला राजा, आणि माझ्या दोन वर्षांतल्या रविवारच्या दुपारी. तेव्हा मी डोंबिवलीत राहायचे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात, वर्गात, दुकानात, कुठेच फारसं बोलायचे नाही. वाण्याकडे गेले तरी चिठ्ठी पुढे करायचे.

त्याला कारण होतं, पण ते सांगायलाही बोलावं लागलं असतं. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की डायरीत शेरा मिळायचा. घरी पाहुण्यांसमोर मराठी बोलले की काका लोक हसायचे, ‘इंग्लिश मीडियमची ना, म्हणून ‘तो पेन पडली’ म्हणते.’ मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण दोन्हीकडे हसू होणार असेल तर तोंड मिटलेलं बरं, हे मी दहाव्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

मग तो खेळ आला. माझी एक मैत्रीण ठाकुर्लीला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची. तिच्या मोठ्या भावाला कुणा नातेवाइकाने परदेशातून एका खेळाचं नियमपुस्तक पाठवलं होतं. पुस्तक नव्हे, पुस्तकाची झेरॉक्स, त्यातही मधली तीसेक पानं गायब. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी मांत्रिकीण. समोर दार आलं तर काय करणार ते बोलून सांगायचं. जमलं की नाही हे फासा ठरवणार. फासा मात्र वीस बाजूंचा लागायचा आणि तसला फासा डोंबिवली-कल्याणच्या कुठल्याच दुकानात नव्हता. शेवटी आम्ही पाच जणांनी हाऊजीच्या डब्यातले एक ते वीस आकडे भावाच्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यात भरले. मोज्यात हात घालायचा, आकडा काढायचा. मोठा आला की दार उघडलं.

पहिले काही महिने मी फक्त नकाशा काढायचे. एका रविवारी भावाचा घसा बसला. गोष्ट सांगणारा तोच.

“आज राहू दे,” मैत्रीण म्हणाली.

“राहू दे काय? ही आहे ना. सगळं हिच्या वहीत असतं,” भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाला. “ए, तू सांग.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाले, “कोण तुम्ही? या दारातून गेलेलं कुणी परत आलेलं नाही.” ते कुठून आलं मला माहीत नाही. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, जसं सुचेल तसं तीन तास बोलले. कुणी हसलं नाही. मैत्रिणीच्या आईने चहा आणून ठेवला, तो सगळ्यांचा गार झाला. त्या दिवसापासून गोष्ट माझी झाली.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की तिची मुलगी बोलत नाही. त्या वर्षी मला बघायला एक कुटुंब येऊन गेलं होतं. “तुला काय आवडतं?” असं मुलाच्या मावशीने विचारल्यावर मी पोह्यांच्या ताटलीकडे बघत राहिले. ते निघून गेल्यावर आई म्हणाली, “आवडतं ते सांगायला काय कर लागतो?” आणि पुढच्या बुधवारी मला हात धरून सोसायटीच्या हॉलमध्ये घेऊन गेली.

तेव्हा डोंबिवलीत दर दोन बिल्डिंगमागे एक रेकीचा वर्ग होता. आमच्या हॉलमध्ये बँकेतून लवकर निवृत्त झालेल्या एक मॅडम यायच्या. पंधरा-सोळा बायकांतल्या निम्म्या सतरंज्यांवर आडव्या व्हायच्या, डोळे मिटायच्या आणि जोडीदारीण डोळ्यांवर, छातीवर, पोटावर हात ठेवायची. मॅडम हळू आवाजात सांगायच्या, “ऊर्जा वाहू द्या.” मी गेले ती मनात थट्टा घेऊन. पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं. ऊर्जा वगैरे आहे की नाही, मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. पण अर्धा तास कुणी काही विचारत नाही आणि कुणाचा तरी गरम हात डोळ्यांवर असतो, एवढं मला कुठल्याच देवळात मिळालं नव्हतं.

माझी जोडीदारीण खाडीकडच्या कोळीवाड्यातली मावशी होती. आमच्या बिल्डिंगला मासे द्यायची. टोपली वाहून तिचा खांदा आखडला होता. मॅडमनी तिला वर्गात घेतलं, पण तिच्यासोबत जोडी लावायला कुणी तयार नव्हतं. “वास येतो हो,” असं एक वहिनी ती ऐकेल इतपत हळू म्हणाल्या. माझ्याशीही कुणी जोडी लावत नव्हतं, कारण मी गप्प. म्हणून आम्ही दोघी उरलो.

तिचे तळवे खरखरीत होते, आणि निखाऱ्यासारखे गरम. ते डोळ्यांवर आले की मला जागा दिसायला लागायच्या. पाण्यातून वर आलेल्या पायऱ्या, मिठाचा किल्ला. मी उठले की ती विचारायची, “दिसलं काय गो आज?” मला काय दिसलं हे विचारणारं ते पहिलं मोठं माणूस. मी सांगायचे, अगदी थोडक्यात. ती मान डोलवायची आणि त्यात स्वतःचं काहीतरी घालायची.

“नदी दिसली,” मी एकदा म्हटलं.

“नदी एकाच अंगाला जाती. तिची काय मजा? आमची खाडी बघ. दिसातून दोनदा वर चरते, दोनदा खाली उतरते. भरतीला काय टाकशील तं तुज्याच पायाशी येल.”

घरी येऊन मी वहीत दोन्हीकडे वाहणारी नदी काढली. ठाकुर्लीचे माझे शूरवीर तीन रविवार त्या नदीत अडकले. तराफा सोडायचे आणि निघाले तिथेच परत यायचे. भाऊ चिडून म्हणाला, “ही नदी आहे का लोकल टाइमटेबल?” मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

मग आईला वही सापडली.

तिने ती जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली होती. बरोबर त्या पानावर, जिथे मी एका कुलपाची खूण काढली होती: एक वर्तुळ, त्याच्या कडेने ए ते झेड अक्षरं, मध्ये बाण.

“हे काय आहे?”

“खेळ.”

“मला शिकवू नकोस. कॉलेजात असताना आमच्या हॉस्टेलवर हेच करायच्या पोरी. वाटी फिरवून मेलेल्यांना बोलवायच्या. प्लँचेट आहे हे.”

“नाही गं आई.”

“नाही? मग हे काय? ‘मेले, तीन.’ कोण मेले?”

“गोष्टीत मेले.”

“एकोणीस वर्षांची घोडी झाली, आणि गोष्टी!” आईने वही मिटली. “म्हणून तोंडातून शब्द फुटत नाही तुझ्या. सगळं ह्यात जातंय.”

सगळं ह्यातून येतंय, असं मला म्हणायचं होतं.

वही जाळून टाकावी असं आईच्या मनात आलं असणार, पण ते आमच्याकडे शक्य नव्हतं. लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करायचो. रद्दीत घालायची तर कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. म्हणून तिने वही कपाटात साड्यांखाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. दोन रविवार मी ठाकुर्लीला रिकाम्या हाताने गेले. नकाशा नव्हता, नावं नव्हती, आणि मला बोलायला जमेना. मैत्रीण म्हणाली, “जाऊ दे, पत्ते खेळू.” घरी येताना मला पहिल्यांदा नीट कळलं की वही गेली तर माझी बोलायची एकमेव जागा जाणार होती.

त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं की वर्गाची सांगता वाहत्या पाण्यावर करायची. ज्याला जे ओझं वाटतं ते लिहून किंवा वस्तूच्या रूपाने आणायचं, पाण्यात सोडायचं आणि मागे वळून न बघता निघायचं. रविवारी अकराला, खाडीवर, रेतीबंदरला. अकराच का, तर तोवर सगळ्यांची घरची कामं आवरतात.

“हिचं ओझं मी आणते,” मला घ्यायला आलेली आई म्हणाली.

आई कऱ्हाडकडची. तिच्यासाठी पाणी म्हणजे कृष्णा. टाकलं की गेलं. मॅडम पुण्याच्या, मावशी सोडून बाकीच्या बायका नगरच्या, सांगलीच्या, नाशिकच्या. पंधरा वर्षं खाडीकाठच्या गावात राहून एकीनेही कधी त्या पाण्याकडे थांबून पाहिलं नव्हतं.

रेतीबंदरला रेतीच्या होड्या लागल्या होत्या. काठाला काळा, घोट्याएवढा चिखल. मावशी चालत आलेली, हात रिकामे.

“मावशी, तुमचं ओझं कुठाय?” कुणीतरी विचारलं.

“खांदा हाय. त्यो कसा सोडू?” ती म्हणाली. मग पाण्याकडे बघून तिने हात वर केला. “आता नका टाकू गो बायांनो. भरती लागली हाय. दुपारचे टाका, सुकती लागली, पानी उतराया लागलं का.”

“पाणी वाहतंय ना, मावशी? मग झालं,” मॅडम हसून म्हणाल्या.

मी बघितलं. थर्माकोलचा एक तुकडा समुद्राच्या अंगाने येऊन कल्याणकडे निघाला होता. मी गप्प राहिले. आयुष्यभर गप्प राहिलेली मी, पण त्या दिवशीचं गप्प राहणं मी स्वतः निवडलेलं होतं.

आईने वही वर्तमानपत्रात बांधली होती, वर सुतळी, सुतळीत झेंडूचं फूल. तिने ती कपाळाला लावली. माझी वही! आणि जोरात भिरकावली. मागोमाग चिठ्ठ्या, पुड्या, एक फोटोची फ्रेम, एक नारळ. मॅडम म्हणाल्या, “आता मागे बघायचं नाही.” आम्ही वळलो. दोन-तीन बायका खरोखर रडत होत्या.

वीस पावलं गेलो असू. मागून मावशी ओरडली, “आलं बघा तुमचं सामान!”

सगळ्या वळल्या. काठाला जिथे वळण होतं तिथे आमची सगळी ओझी रांगेने येऊन टेकत होती. पुड्या सुटलेल्या, चिठ्ठ्या उलगडलेल्या.

“अगं बाई, ती गुलाबी माझी आहे! कुणी वाचू नका हं!”

“नारळ कुणाचा?”

“मरू दे नारळ, तो कागद आधी उचला!”

वासाबद्दल बोललेल्या वहिनी साडी खोचून चिखलात धावल्या, पण वर्गातल्याच त्यांच्या सासूबाई पुढे उभ्या होत्या. कागदावर ठळक अक्षरात एकच शब्द होता: ‘सासूबाई’. सासूबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

आई मात्र एक बांबू शोधून वही आत ढकलत होती. वही जायची आणि परत यायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी चिखलात उतरले. चपला तिथेच रुतल्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मी वही उचलून छातीशी धरली.

“टाक ती,” आई म्हणाली.

“नाही.”

“टाक म्हणते ना! लोक बघतायत.”

“बघू दे. माझी वही आहे. मी लिहिलीय.” आवाज माझाच होता, पहारेकऱ्याचा नव्हता. “माझं ओझं काय, हे मला कुणी विचारलं का?”

“बाळा, शांत हो,” मॅडम काठावरून म्हणाल्या, “रागाने ऊर्जा अडते.”

“मॅडम, यातली निम्मी पानं मला तुमच्या हॉलमध्ये सुचलीत. सतरंजीवर पडल्या पडल्या. मी तुमच्या पुढच्या वर्गालाही येणार आहे. आणि रविवारी खेळायलाही जाणार. दोन्हींमधलं एकही पाण्यात सोडणार नाही.”

मावशीने मला हात दिला आणि ओढून वर काढलं. “बोलती का गो ही!” ती आईला म्हणाली. “तू तं सांगत व्हतीस मुकी हाय.”

आईने माझ्या पायांकडे पाहिलं. “चपला?”

“गेल्या.”

“मग चल अनवाणी.”

रिक्षा केली नाही. घरापर्यंत ती पुढे, मी मागे. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि नंतर कुणी विचारलं की म्हणायची, “बोलायला लागली, पण ती ही अशी.” ती वही तिने शेवटपर्यंत प्लँचेटचीच मानली. मी समजावत बसले नाही.

पानं मी गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळवली. त्यांना खाडीचा वास बसला तो गेलाच नाही. शाईने लिहिलेली सगळी नावं विरघळून त्यांचे निळे ढग झाले होते. किल्ल्यांची, गावांची, मेलेल्या तिघांचीही. पेन्सिलीचे नकाशे मात्र जसेच्या तसे होते.

पुढच्या रविवारी ठाकुर्लीला मी वही जमिनीवर उघडली. चौघे वाकले.

“हे काय झालं?” मैत्रिणीने विचारलं.

“भरती येऊन गेली,” मी म्हटलं. “राज्यातली सगळी नावं वाहून गेलीत. कोण कोण होतं, कुणाला आठवत नाही.”

“म्हणजे आम्ही आता कुठे आहोत?” भाऊ म्हणाला.

“गुडघाभर चिखलात.” मी मोजा त्याच्यापुढे धरला. “हात घाल.”