वहिनीचे कान

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा उशाशी मी एकटाच होतो, सांगायला वेळही होता — तरी नाही सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय, तर मध्येच ‘जाऊ द्या हो, झालं ते झालं’ असं म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे. ज्याचं काही गेलेलं नसतं, तोच ते म्हणतो.

मी बंगळूरच्या एका इस्पितळात कान तपासायचो. डॉक्टर नव्हे — त्यांच्या हाताखालचा माणूस. पण मोठ्या माणसांचं किती ऐकू येणं गेलंय, काय उरलंय, यंत्र लावून भागेल का, हे पाहायचं काम माझं. एका अडगळीच्या खोलीच्या भिंतींना घोंगड्या ठोकून आम्ही बाहेरचा आवाज अडवला होता, आणि त्या खोलीत मी राजा होतो. पेशंटच्या नातेवाइकांवर तर असा खेकसायचो! ‘ओरडता कशाला? समोर या, उजेडात बसा, सावकाश बोला. त्यांना ऐकू येत नाही, अक्कल शाबूत आहे.’ लोक बिचारे माना खाली घालायचे. बाहेर जाऊन म्हणायचे, माणूस तापट आहे, पण कळकळ आहे हो त्याला.

कळकळ! आता त्या कळकळीची गोष्ट ऐका.

चामराजपेटेत आमचं एकत्र कुटुंब. थोरले अण्णा, त्यांचं चिकपेटेत कापडाचं दुकान, वहिनी, त्यांचा मुलगा, मी आणि माझी बायको कमल. पहिल्या बाळंतपणानंतर वहिनींना कमी ऐकू यायला लागलं होतं. दुसऱ्या खेपेला सुधा झाली आणि फारच गेलं. मग घरात काय झालं? जे सगळ्याच घरांत होतं, ते. आधी आम्ही ओरडलो, मग कंटाळलो, मग त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलू लागलो. त्या पानात भात वाढत असायच्या आणि आम्ही त्यांना ‘दगड’ म्हणत असायचो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. आणि त्या ओठांवरून सगळं टिपत होत्या, हे मला ठाऊक होतं. दिवसभर इस्पितळात मी दुसरं काय बघत होतो?

रात्री सुधा रडली तरी वहिनींना कळायचं नाही. म्हणून पाळणा आमच्या खोलीत आला. आम्हाला मूल नव्हतं, होण्याची आशाही सुटली होती. पाळणा मग दिवसाही तिथेच राहिला. सुधा बोलायला लागली ती कमलला ‘आई’ म्हणतच. वहिनी तेव्हा दारातच उभ्या होत्या. कुणी पोरीला सांगितलं, की बाई गं, तुझी आई ती? मी नाही सांगितलं. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू — फार आनंद झाला होता.

आणि मग एक दिवस अण्णा जेवताना म्हणाले, “अरे, तू अख्ख्या गावाचे कान तपासतोस, हिला एकदा घेऊन जा की. स्वल्प ऐकू आलं तरी पुरे. पोर परत हिच्याजवळ निजेल.”

कमल ताटावरून उठून गेली.

मी वहिनींना घेऊन गेलो. आपटला की घुमत राहणारा दोन पात्यांचा पोलादी काटा आपटून तो कानाजवळ धरला — काही नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला तिथेच कळलं. नस चांगली होती. आवाज आत पोचायची वाट तेवढी बंद झाली होती. अशा माणसाला यंत्र हमखास लागू पडतं. त्या इतक्या हळू बोलायच्या तेही त्यामुळेच — स्वतःचा आवाज त्यांना हाडातून मोठा ऐकू येई. घरी आम्ही त्याला गरीब स्वभाव समजत होतो!

तेव्हाचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला कानात घालायची गोळी. पुरुष ती डबी सदऱ्याच्या खिशात ठेवत. बायकांना खिसा कुठला? म्हणून मी ती टेबलावरच ठेवली. चाक फिरवून आवाज वाढवला, आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरून साधे शब्द बोललो. ताट. पाणी. दार. वहिनींनी एकेक शब्द बरोबर परत म्हटला. मग स्वतःहून विचारलं, “भावजी, सुधा रडली तर ऐकू येईल ना मला?”

मी पुठ्ठा खाली ठेवला. आणि बोटाने ते चाक मागे फिरवलं. सावकाश. पार बंद होईपर्यंत.

“बघा, गेलं ना परत?” मी म्हणालो. “असं घटकाभर ऐकू येतं. नस मेली आहे वहिनी, यंत्राचा उपयोग नाही.”

त्यांनी माझे ओठ वाचले. मग माझ्या बोटाकडे पाहिलं. ते अजून चाकावरच होतं.

“सरी, बरं,” म्हणाल्या, आणि कानातली गोळी काढून माझ्या हातात दिली.

घरी मी तेच सांगितलं. वहिनींनी तोंड उघडलं असतं तर कुणी ऐकलं असतं? मी तज्ज्ञ, त्या दगड. हे मला पक्कं माहीत होतं, आणि त्या माहितीवरच मी निर्धास्त झोपलो. शेजारी पाळण्यात सुधा होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुणाच्या तरी मुलावर खेकसलो, की बापाशी नीट बोलत जा.

सुधा मोठी झाली, लग्न झालं, बाळंतपणाला आमच्याकडेच आली. बाळ झालं आणि काही महिन्यांत ती हळू बोलायला लागली. हे दुखणं रक्तातून येतं. मी ओळखलं. त्याच आठवड्यात तिला यंत्र आणून दिलं — आता डबी लहान झाली होती — आणि रोज समोर बसून तिच्याकडून सराव करून घेतला. एका दुपारी आतल्या खोलीत बाळ रडलं, तशी ती हातातलं टाकून धावली. बाळाला घेऊन हसत बाहेर आली. वहिनी समोरच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून पोर म्हणाली, “बाबा, मोठ्या आईला का नाही हो दिलंत हे तेव्हा?”

वहिनींचे हात थांबले. त्या माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांच्या मागून उजेड माझ्या तोंडावर येत होता, माझा चेहरा त्यांना स्वच्छ दिसत असणार.

“तिची नस मेली होती,” मी म्हणालो. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.